हसाआतलं मूल कोणाच्या हातात?



उन्हाळा सुरू झाला की आपल्या इथे एक बातमी ठरल्यासारखी येते. गाडीत राहून गेलेलं मूल. कधी आईबापाच्या गाडीत, कधी गानला नेणाऱ्या हसाआत. दोन दिवस रेडिओ-टीव्हीवर चर्चा होते, "असं कसं कोणी विसरू शकतं?" म्हणून लोक हळहळतात, आणि तिसऱ्या दिवशी दुसरी बातमी येते. मग १ सप्टेंबरला शाळा उघडतात आणि हसाआची वेगळी बातमी येते: ड्रायव्हर पुरेसे नाहीत, मलावा मिळत नाहीत, कुठल्या तरी गावात अपंग मुलं शाळा सुरू होऊनही घरीच बसली आहेत.

लोक या दोन बातम्या वेगवेगळ्या समजतात. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. मूल घरातून निघून शाळेच्या दारात पोचेपर्यंत ते नक्की कोणाच्या ताब्यात असतं, हे आपल्याकडे पुरेसं ठरलेलं नाही. कागदावर सगळ्यांची नावं आहेत, पण प्रत्यक्ष ती वीस-तीस मिनिटं कोणाचीच नसतात.

हे आपल्यासारख्या म्हाताऱ्यांनी का वाचायचं? कारण आपल्या बहुतेक घरांत लेक-जावई, मुलगा-सून पहाटे सहा-साडेसहाला कामाला निघतात. नातवाला उठवणं, खायला घालणं, बॅग पाठीला लावणं आणि खाली गाडीपर्यंत सोडणं हे काम आपल्याकडे आलेलं आहे. बेरशेवा असो, दिमोना असो, अश्दोद, लोद किंवा रामले असो, सकाळी सातच्या सुमाराला गाडीची वाट बघत उभे दिसतात ते बहुतेक आजी-आजोबाच. आपल्या समाजातल्या कितीतरी बायकांनी स्वतः मलावा म्हणून, मेतापेलेत म्हणून वर्षानुवर्षं काम केलेलं आहे. म्हणजे या साखळीतली पहिली कडी आपणच आहोत.

कोणाची जबाबदारी?

आधी व्यवस्था कशी चालते ते थोडक्यात बघू, कारण तक्रार कुठे करायची हे त्यावरून कळतं.

शाळा लांब असेल तर सरकारी हसाआचा हक्क मिळतो. साधारण नियम असा, की गान खोवापासून चौथीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून २ किलोमीटरपेक्षा जास्त लांब असेल, आणि पाचवीपासून पुढे ३ किलोमीटरपेक्षा जास्त, तर हक्क लागू होतो. अपंग मुलांसाठी १९९४ सालचा वेगळा कायदा आहे. त्यांची ने-आण सुरक्षित व्हावी आणि ज्या मुलाला गरज आहे त्याच्याबरोबर गाडीत मलावा असावी, हे त्यातूनच आलं.

आता हे चालवतं कोण? शिक्षण मंत्रालय हक्क ठरवतं आणि पैशांचा वाटा देतं. वाहतूक मंत्रालय गाडी आणि ड्रायव्हर यांचे नियम करतं. प्रत्यक्ष हसाआ चालवते इरिया, आणि तीसुद्धा टेंडर काढून खासगी कंपनीला देते. कंपनीच्या गाड्या कमी पडल्या की ती पुढे दुसऱ्या लहान मालकाला काम देते. मंत्रालय, इरिया, कंपनी, ड्रायव्हर, मलावा, गनेनेत आणि आईबाप इतके हात झाले. आपल्याकडे म्हणतात ना, दोन घरचा पाहुणा उपाशी. इथे तर सात घरं आहेत.

टेंडरमध्ये सहसा कमी भाव सांगणाऱ्याला काम जातं. कमी भावात ड्रायव्हरला पगार कमी, मलावाला त्याहून कमी. मलावाचं काम कसं असतं? सकाळी दीड-दोन तास, दुपारी दीड-दोन तास, मधला वेळ रिकामा आणि त्याचा पैसा नाही. तरुण बाई हे काम का धरील? म्हणून पेन्शनीतल्या बायका ते करतात, आणि त्यांचे गुडघे दुखायला लागले की जागा रिकामी होते. ऑक्टोबर २०२३ नंतर लढाईमुळे पुष्कळ ड्रायव्हर राखीव फौजेत बोलावले गेले. स्देरोत आणि किर्यात श्मोनासारख्या गावांतल्या कुटुंबांना घरं सोडावी लागली, त्यांच्या मुलांची शाळांची व्यवस्था नव्यानं लावावी लागली. आधीच ताणलेली दोरी आणखी ताणली गेली.

माणसं कमी असली की काय होतं ते मला इस्पितळातून माहीत आहे. मी मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि पुढे इथे दक्षिणेत बहुतेक नोकरी मुलांच्या वॉर्डात काढली. वॉर्डात तीन नर्सेसचं काम दोघींवर आलं की इंजेक्शन कोणी चुकवत नाही, ते दिलं जातंच. राहून जातं ते "पुन्हा एकदा बघणं". हसाआतही तेच. गाडी वेळेवर पोचते, पण मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघायला कोणी उरत नाही.

यंत्र आलं, पण

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं बरोबर नाही. २०२१ पासून चार वर्षांखालच्या मुलाला गाडीतून नेणाऱ्याला मूल विसरू नये म्हणून इशारा देणारं यंत्र बसवणं बंधनकारक झालं. मुलांची ने-आण करणाऱ्या मोठ्या गाड्यांमध्येही अशी सोय असते, की इंजिन बंद केल्यावर ड्रायव्हरनं मागेपर्यंत चालत जाऊन बटण दाबायचं, नाहीतर भोंगा वाजतो. कल्पना चांगली आहे. बटणासाठी का होईना, माणूस मागे जातो.

पण यंत्राची एक खोड असते, त्याची सवय होते. वॉर्डात मॉनिटर सारखा वाजायला लागला की नवीन नर्स धावते आणि जुनी आधी आवाज बंद करते. ड्रायव्हर दिवसातून सहा वेळा ते बटण दाबतो. सातव्या वेळी हात बटणावर जातो, डोळे मात्र फोनवर असतात. सीटखाली गुडघे पोटाशी घेऊन झोपलेलं तीन वर्षांचं मूल बटणाला दिसत नाही. ते माणसालाच दिसतं, आणि तेसुद्धा वाकून बघितलं तर.

"विसरले कसे?" या प्रश्नाचंही उत्तर द्यायला हवं, कारण त्यात आपण उगाच माणसाला राक्षस ठरवतो. रोजचं काम आपण सवयीनं करतो, त्याला विचार लागत नाही. रोज मुलाला आई सोडते, आज बापाला सोडायचं आहे, मूल मागे झोपलेलं, आवाज नाही, बापाला रात्रीची झोप नाही. डोकं सवयीच्या रस्त्यानं सरळ कामावर जातं आणि मूल पोचवलं असं मनाला खरंच वाटतं. हे प्रेमळ, शिकलेल्या, जबाबदार माणसांच्या बाबतीत घडलेलं आहे. म्हणून "मी नाही विसरणार" या भरवशावर कोणी राहू नये. त्या दिवशी आपण विसरलो तरी मूल वाचेल अशी रीत हवी.

गाडीतली उष्णता

आता नर्स म्हणून सांगते. बंद गाडी उन्हात ठेवली की पहिल्या १० मिनिटांत आतलं तापमान साधारण १० अंशांनी वाढतं, आणि अर्ध्या तासात १८ ते २० अंशांनी. म्हणजे बाहेर ३२ अंश असले तर अर्ध्या तासात आत ५० च्या आसपास. काच दोन बोटं उघडी ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. सावलीतली गाडीसुद्धा तापते. बाहेर हवा बरी आहे म्हणून धोका नाही असंही नाही.

लहान मुलाचं अंग मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगानं तापतं. त्याला घाम कमी येतो, आणि बेल्ट सोडून बाहेर पडता येत नाही. अंगाचा ताप ४० अंशांच्या वर गेला की मेंदू, मूत्रपिंडं, यकृत यांना इजा व्हायला लागते.

असं मूल सापडलं तर काय करायचं? लगेच १०१ ला फोन. मुलाला सावलीत किंवा थंड खोलीत न्यायचं. कपडे काढायचे. सगळ्या अंगावर पाणी टाकायचं आणि वारा घालायचा. फक्त कपाळावर ओली पट्टी ठेवून भागत नाही. मूल शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आणि रस्त्यात बंद गाडीत एकटं मूल दिसलं तर "कोणाची गाडी आहे, आपल्याला काय" म्हणून पुढे जायचं नाही.

मोजणी दोघांनी, मोठ्यानं

ऑपरेशन थिएटरमध्ये एक जुना नियम आहे. पोट उघडायच्या आधी कापसाचे बोळे आणि हत्यारं मोजायची. पोट शिवायच्या आधी पुन्हा मोजायची. मोजणी दोघींनी करायची आणि मोठ्यानं करायची. आकडा जुळला नाही तर डॉक्टर कितीही मोठा असो, तो टाका घालत नाही. हा नियम का आला? कारण हुशार आणि काळजी घेणारी माणसंसुद्धा बोळा आत विसरत होती. नियमानं माणसाला दोष दिला नाही, काम दोघांत वाटून दिलं.

तसाच दुसरा नियम ड्यूटी बदलतानाचा. रात्रपाळीची नर्स सकाळच्या नर्सला नुसतं "सगळं ठीक आहे" सांगून जात नाही. प्रत्येक खाटेजवळ दोघी उभ्या राहतात, पेशंटचं नाव घेतात, काय झालं, काय बाकी आहे ते सांगतात. तोपर्यंत पेशंट पहिलीच्या ताब्यात असतो.

हसाआला हीच रीत लावली तर फार खर्च येत नाही. मूल गाडीत चढताना मलावानं नाव घेऊन कागदावर खूण करायची. गानच्या दारात गनेनेत किंवा तिची मदतनीस हजर असली पाहिजे, आणि मुलं उतरताना दोघींनी मोजायचं: अकरा चढली, अकरा उतरली. आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जे मूल आलं नाही, त्याच्या घरी गानमधून ठरलेल्या वेळेच्या आत फोन गेला पाहिजे. आठ वाजता गान भरलं असेल तर साडेआठपर्यंत "तुमचं मूल आज का आलं नाही?" हा एक फोन. मूल आजारी असेल तर अर्ध्या मिनिटात कळेल. नसेल तर त्या अर्ध्या तासात जीव वाचू शकतो. सगळी यंत्रं बिघडली तरी हा फोन चालतो.

उलट बाजूनंही तेच. नातू आज घरी राहणार असेल तर आपण सकाळीच गानला आणि मलावाला कळवायचं. आपण कळवत नाही, मग गानला गैरहजेरीची सवय होते, आणि ज्या दिवशी खरी गडबड असते त्या दिवशीही कोणी विचारत नाही.

चढणं, बसणं, उतरणं

गाडीत विसरण्याच्या बातम्या मोठ्या होतात, पण गाडीच्या आजूबाजूलाही मुलं सापडतात. गाडीच्या पुढे, मागे आणि चाकांजवळच्या तीन-चार मीटरात उभं असलेलं लहान मूल ड्रायव्हरला दिसत नाही. पाच वर्षांच्या मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर नीट कळत नाही. म्हणूनच इथले रस्ता सुरक्षेचे लोक सांगतात की नऊ वर्षांखालच्या मुलानं एकट्यानं रस्ता ओलांडू नये.

यात आपल्यासाठी एक खास गोष्ट आहे. दुपारी गाडी येते तेव्हा आपण रस्त्याच्या पलीकडे, सावलीत बाकावर बसलेले असतो. मूल उतरतं, आपल्याला बघतं आणि धावत सुटतं. त्याला गाड्या दिसत नाहीत, आजी दिसते. म्हणून गाडीचं दार ज्या बाजूला उघडतं त्याच बाजूला उभं राहायचं. गुडघे दुखत असले तरी, ऊन असलं तरी. पलीकडून हात हलवायचा नाही, हाक मारायची नाही. गाडी निघून गेल्यावर मग हात धरून रस्ता ओलांडायचा.

बेल्टबद्दल. पट्टा पोटावरून नाही, मांडीच्या वरच्या बाजूला, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. पोटावर असलेला पट्टा धक्क्यात आतल्या आतड्यांना इजा करतो. हिवाळ्यात जाड कोटावरून बेल्ट लावला की तो सैल राहतो. कोट काढून बेल्ट लावायचा आणि कोट वरून पांघरायचा. घरच्या गाडीत आठ वर्षांपर्यंत मुलाला त्याच्या वयाची खुर्ची किंवा बूस्टर लागतो, "दोन मिनिटांवर तर जायचंय" म्हणून मांडीवर घ्यायचं नाही. गळ्यातले लांब दोरे, बॅगेचे लोंबणारे पट्टे दारात अडकतात, तेही बघून घ्यायचे.

गाडीत उलटी होणारी मुलं पुष्कळ असतात, साधारण दोन ते बारा वर्षांपर्यंत. डोळ्याला पुस्तक किंवा फोन स्थिर दिसतो आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला गाडी हलल्याचं कळतं. दोन्ही निरोप जुळत नाहीत म्हणून मळमळतं. अशा मुलाला पुढच्या बाजूच्या सीटवर बसवायला सांगा. फोन नको, समोर लांब बघायचं. निघायच्या आधी पेलाभर शोको आणि वर तेलकट काही नको. अर्धी चपाती, एखादा टोस्ट, केळं, एवढं पुरे. अगदी उपाशीही पाठवायचं नाही. उलटीचं औषध किंवा पट्टी डॉक्टरला विचारल्याशिवाय लहान मुलाला द्यायची नाही. बॅगेत एक प्लास्टिकची पिशवी, ओला रुमाल आणि बदलायचा शर्ट असला की मुलाला लाज वाटत नाही. निघण्यापूर्वी लघवीला नेणं आणि पाण्याची बाटली भरून देणं हे तर आपल्याला शिकवायला नकोच.

अपंग किंवा आजारी मूल असेल तर मलावाच्या हातात एक कागद हवा. फीट येते का, दमा आहे का, कशाची ॲलर्जी आहे, औषध कुठल्या खिशात आहे, फोन कोणाला करायचा. फीट आली तर मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०१. हे मलावाला माहीत असेल असं धरून चालू नका. विचारा, आणि माहीत नसेल तर रागावू नका, सांगा. उद्या तीच जागा बदलून दुसरी आली तर पुन्हा सांगा.

भोंगा वाजला तर

हा विषय इथे टाळता येत नाही. स्देरोतसारख्या ठिकाणी भोंगा वाजल्यावर १५ सेकंद मिळतात. बसमधून बारा लहान मुलं बेल्ट सोडून उतरवायला तेवढा वेळ पुरत नाही. अशा वेळी गाडी बाजूला थांबवून, जवळ इमारत किंवा मिकलाट असेल आणि वेळ असेल तर तिथे जायचं. नसेल तर खिडकीच्या काचेखाली वाकून दोन्ही हातांनी डोकं झाकायचं. हे मुलांना खेळासारखं शिकवता येतं. "कासव व्हा" म्हटलं की तीन वर्षांचं मूलही वाकतं. कंपनीनं आणि शाळेनं ही तालीम एकदा तरी केली आहे का, हा प्रश्न पालकांच्या सभेत विचारायलाच हवा.

जुने धडे, आणि तिकडचे

आपल्यापैकी जे १९८५ साली इथे होते त्यांना ११ जूनचा दिवस आठवत असेल. हाबोनीमजवळच्या रेल्वे फाटकावर पेताह तिक्वाच्या शाळेची मुलं सहलीला घेऊन जाणारी बस आगगाडीखाली सापडली आणि २२ जण गेले. सगळा देश रडला. दुःख मोठं असलं की लोक नियम मागतात. पण नियम झाल्यावर तो रोज सकाळी पाळायचा असतो, आणि रोजची गोष्ट बातमीत येत नाही.

मुंबई-ठाण्यात अजून ज्यांचे भाऊबंद आहेत त्यांना ठाऊक असेल की तिकडेही हा प्रश्न आहे. भारताच्या सुप्रीम कोर्टानं १९९७ साली शाळेच्या बससाठी नियम सांगितले: पिवळा रंग, पुढे-मागे "स्कूल बस" लिहिलेलं, खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचाराची पेटी, मुलांबरोबर एक माणूस. महाराष्ट्र सरकारनं २०११ साली आपली वेगळी नियमावली केली. आपल्या लहानपणी यातलं काही नव्हतं. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत मुलं पायी जात, नाहीतर बेस्टच्या बसनं. पण गल्लीत चार डोळे असायचे. दुकानदार, शेजारीण, मोठ्या वर्गातली मुलं, कोणी ना कोणी बघत असायचं. इथे प्रत्येकजण आपल्या गाडीत, आपल्या फोनवर. ते चार डोळे गेले आणि त्यांच्या जागी बटण आलं. बटण काढा असं मी म्हणत नाही. डोळे परत आणा म्हणते.

आपण काय करू शकतो

"आम्हाला हिब्रू नीट येत नाही, आम्ही त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, आमचं कोण ऐकणार?" असं आपल्यातले पुष्कळजण म्हणतात. मी उलट म्हणते. सकाळी गाडीजवळ रोज उभं कोण असतं? आईबाप ग्रुपवर असतात, आपण जागेवर असतो. ड्रायव्हर फोनवर बोलत गाडी चालवतो का, मलावा आज आहे का, एका सीटवर किती मुलं कोंबली आहेत, गाडीची एसी चालते का, हे आपल्याला दिसतं. ते मुलीला किंवा सुनेला त्याच दिवशी सांगा, आणि तारीख-वेळ वहीत मराठीत लिहून ठेवा. "नेहमीच असं होतं" या तक्रारीला उत्तर मिळत नाही. "मंगळवारी सात वाजून दहा मिनिटांनी मलावा नव्हती" याला उत्तर द्यावं लागतं. इरियाच्या १०६ नंबरवर तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा नंबर मागून घ्या.

मग फ्रिजवर एक कागद लावा. मोठ्या अक्षरांत चार फोन: गान, मलावा, हसाआची कंपनी, आणि लेक किंवा सून यांच्या कामाची जागा. खाली १०१. चश्मा नसताना वाचता येईल इतकी अक्षरं मोठी हवीत. ठरलेल्या वेळेपेक्षा गाडी पंधरा मिनिटं उशिरा आली तर "येईल" म्हणून बसून राहायचं नाही, पहिला फोन करायचा. उगाच फोन केला असं झालं तर झालं. वॉर्डात रात्री डॉक्टरला उगाच उठवल्याबद्दल बोलणी खाल्लेली नर्स मी पाहिली आहे, आणि न उठवल्याबद्दल आयुष्यभर रडणारीही पाहिली आहे. बोलणी खाल्लेली बरी.

आणि मूल जेव्हा गाडीत चढवाल तेव्हा नुसतं दार लागेपर्यंत उभं राहू नका. मलावाला नावानं हाक मारा, मुलाचं नाव घ्या, तिनं मान हलवली की मगच हात सोडा. ती मलावा म्हणजे कोणाची तरी आजीच असते. पहाटे पाचला उठून आलेली असते, पगार थोडा, पाठ दुखते. तिला "बोकेर तोव" म्हटलं, सणाला दोन करंज्या दिल्या, तर तिलाही वाटतं की आपल्या कामाला कोणी मोल देतं. मोल मिळालं की माणूस जास्त नीट बघतो. हे मी चाळीस वर्षं बघितलेलं आहे.

मलावाचा पगार वाढला पाहिजे, तिला दोन दिवसांचं का होईना शिक्षण मिळालं पाहिजे, टेंडरमध्ये भावाबरोबर माणसं किती देणार हेही मोजलं पाहिजे, आणि न आलेल्या मुलाच्या घरी फोन करणं हा गानचा पक्का नियम झाला पाहिजे. इरियाच्या निवडणुकीत मतं मागायला लोक आपल्या सिनेगॉगमध्येही येतात. पुढच्या वेळी आले की त्यांना चहा द्या, आणि या चार गोष्टी विचारा.

सगळ्यांची नातवंडं सुखरूप जावोत आणि सुखरूप येवोत. शालोम.